दाजींची रजा

नोएडा फेज टूमधल्या त्या कारखान्यात हणमंतला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मालकापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांचा तो मास्टरजी. कापडावर खडूची पहिली रेघ त्याची, पॅटर्नच्या कागदावर पहिली कात्री त्याची, आणि खरेदीदाराच्या माणसानं शर्ट उलटा करून नाक मुरडलं तर पहिली बोलणीही त्यालाच. बत्तीस वर्षं झाली या उद्योगाला. केस गेले, चष्मा आला, पण चौकडीचं कापड टेबलावर पसरलं की गडी अजून खुलायचा.

चौकडी जुळवणं हे त्याचं वेड होतं. चौकडीच्या कपड्याला खिसा लावायचा तर खालची रेघ आणि खिशावरची रेघ अशी एकात एक मिळाली पाहिजे, की हात घातल्याशिवाय खिसा आहे हे कळू नये. त्याला कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो. म्हणून बरेच कारखानदार खिशाचं कापड तिरकं कापून मोकळे होतात. तिरक्या खिशाला जुळवाजुळवीची भानगडच नाही आणि वर फॅशन म्हणून खपवताही येतं. हणमंत त्याला सरळ लबाडी म्हणायचा. शिलाईच्या लाईन नंबर तीनवरच्या छत्तीस बायांना त्यानं जुळवणीची विद्या एकेकीच्या शेजारी स्टूल घेऊन शिकवली होती. त्यातली फूलमती पंधरा वर्षांपूर्वी धागे कापायला म्हणून आलेली, बदायूंकडची. आता ती इतका सरळ खिसा लावायची की हणमंत खोट काढायला म्हणून कपडा हातात घ्यायचा आणि गुपचूप खाली ठेवायचा.

मूळ गाव सोलापूर. घरात शिंपीकाम चालत आलेलं. चुलत्याच्या दुकानात चड्ड्या आणि झबली शिवून पोट भरेना, तेव्हा त्र्याण्णव साली थोरल्या बहिणीनं, अलकनंदाअक्कानं, दिल्लीहून पत्र टाकलं की ये इकडे, तुझे दाजी काहीतरी बघतील. दाजी म्हणजे श्यामकांत, केंद्र सरकारात नोकरी, लक्ष्मीबाई नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर. हणमंत आला तेव्हा त्या दोन खोल्यांत आधीच पाच पाहुणे होते. दाजींनी ओळख काढून कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात त्याला दोन रात्री खाट मिळवून दिली. पुढे क्वार्टरचा व्हरांडा बांबूच्या पडद्यानं बंद करून चार वर्षं तिथंच ठेवून घेतलं आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. असा माणूस शोधून सापडायचा नाही. हणमंत मनातल्या मनात रोज त्यांच्या पाया पडायचा.

देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात येत होतं. हणमंतला ती ओखल्याच्या एका तळघरात उघडलेली दिसली. तिथं आताच्या मालकांनी, ग्रोवरसाहेबांनी, वीस मशिनं टाकली होती आणि आठवड्याला एक गोरा खरेदीदार जिना उतरून यायचा. सत्त्याण्णव साली साहेब नोएडाला आले. तेव्हा तिथं रस्ता संपला की बाजरी सुरू व्हायची आणि दुपारी शेतात नीलगाई फिरायच्या. आता नीलगाई गेल्या, नंबरवारी सेक्टर आले, मेट्रो आली. हणमंतनंही एका सेक्टरात तिसऱ्या मजल्यावर घर केलं, सोलापूरच्याच सुनेत्राशी लग्न केलं आणि मुलगी स्वरूपा झाली. तिला आता ‘फडताळ’ म्हटलं तर कळत नाही, ‘अलमारी’ म्हणावं लागतं.

दाजींच्या खात्याच्या नावात ‘व्यापार’ हा शब्द होता, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. दोन हजार चार साली डिसेंबरात दाजी सहज म्हणाले होते की जानेवारीपासून परदेशात कपडे पाठवायचा कोटा उठतोय. ही बातमी वर्षभर पेपरात येत होती. पण हणमंतनं ती ग्रोवरसाहेबांना ‘आमचे दाजी म्हणत होते’ असं म्हणून सांगितली. साहेब आधीच धीर करून मशिनं वाढवायच्या विचारात होते, त्यांनी वाढवली आणि धंदा दुप्पट झाला. तेव्हापासून कारखान्यात दाजींचं नाव झालं. डॉलर हलला, बंदरावर संप झाला, काहीही झालं की साहेब म्हणायचे, जीजाजींना विचारा. हणमंत विचारायचा. दाजी म्हणायचे, “मला काय माहीत? मी लहान माणूस.” ऑफिसची गोष्ट घरात काढायची नाही हा त्यांचा बाणा. हणमंतला वाटे, खरा मोठा माणूस असाच बोलतो. मग तो दाजींच्या चेहऱ्यावरून, त्यांच्या चहा पिण्यावरून काहीतरी अंदाज बांधायचा आणि साहेबांना जाऊन सांगायचा. वीस वर्षांत निम्म्या वेळा तो बरोबर आला. निम्म्या वेळा तर नाणं उडवूनही येतो, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मग हे साल उजाडलं. अमेरिकेनं सगळ्या जगाच्या मालावर आयात शुल्क लावायचा सपाटा लावला. आपल्या मालावर आधी पंचवीस टक्के, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की वर आणखी पंचवीस. कारण काय, तर आपण रशियाचं तेल घेतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. तेल कोण कोणाकडून घेतं याचा हणमंतच्या खिशाच्या रेघेशी काय संबंध? पण दंड बसला तो त्या खिशाला. टीव्हीवर दोन्ही देशांचे लोक एकमेकांना सुनावत होते, राजदूत इकडून तिकडे जात होते, आणि फेज टूमधल्या चहाच्या टपरीवर मुकादम लोक एकमेकांना विचारत होते की तुमच्याकडे किती मशिनं बंद पडली.

लाईन तीनवर तेव्हा अमेरिकेचंच काम चालू होतं. लालहिरव्या चौकडीचे रात्री घालायचे कपडे, बावीस हजार नग. नाताळच्या सकाळी तिकडे सगळं घर एकसारखे कपडे घालून फोटो काढतं म्हणे. डाव्या छातीवर एक खिसा, अर्थातच रेघेत रेघ मिळवलेला. मंजुरीचं सॅम्पल हणमंतनं मार्चमध्ये स्वतःच्या हातानं शिवलं होतं आणि खरेदीदारानं त्यावर सील मारून एक नग परत पाठवला होता. माल त्या सॅम्पलबरहुकूम उतरला पाहिजे, हा या धंद्यातला कायदा.

वाढीव शुल्क सत्तावीस ऑगस्टपासून लागणार होतं. त्याआधी जहाजावर चढलेल्या मालाला त्यातून सूट होती. ग्रोवरसाहेबांनी हणमंतला केबिनमध्ये बोलावून हिशेब मांडला. माल वीस तारखेला दादरीच्या कंटेनर डेपोतून रेल्वेनं निघाला तर जहाज गाठेल. त्यासाठी राखीची सुट्टी रद्द करायची, बारा बारा तास लाईन चालवायची आणि तिसरा हिस्सा बाहेरच्या फॅब्रिकेटरला, म्हणजे कंत्राटावर शिवून देणाऱ्याला, द्यायचा. नाहीतर नेहमीच्या चालीनं काम करायचं आणि माल सप्टेंबरात पाठवायचा. अमेरिकेचं पथक पंचवीस तारखेला बोलणी करायला दिल्लीत येणार होतं. करार झाला तर शुल्कच उतरेल आणि मग घाई करणारे मूर्ख ठरतील. नाही झाला तर खरेदीदार हा माल घेणार नाही आणि लाईन तीन बंद होईल. साहेबांनी हे शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. मग म्हणाले, “मास्टरजी, आज ही जाके जीजाजी से पूछो।”

हणमंत त्याच संध्याकाळी मेट्रोनं लक्ष्मीबाई नगरात गेला. अक्कानं थालीपीठ लावलं. दाजी नुकतेच ऑफिसातून येऊन खुर्चीत पाय लांब करून बसले होते. डिसेंबरात ते निवृत्त व्हायचे होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, तेव्हा या घरातला यंदाचा शेवटचा गणपती, यावर बराच वेळ बोलणं झालं. हणमंतनं आडवळणानं विचारलं की ते अमेरिकेचं कसं काय वाटतं. दाजी नेहमीप्रमाणे म्हणाले की मला काय माहीत. आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, जरा अडखळत म्हणाले, “हणमंत, यंदा प्राणप्रतिष्ठेला तू बस. सत्तावीसला मला रजा मिळणार नाही. ऑफिसात त्या आठवड्यात… काम आहे.”

गणेशचतुर्थीची दाजींची रजा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बत्तीस वर्षांत तो माणूस त्या दिवशी पाटावरून हलला नव्हता, कारगिलच्या साली नाही, सरकारं बदलली तेव्हाही नाही. आणि यंदा, त्याच आठवड्यात, रजा नाही. पंचवीसला पथक येणार, सव्वीसला बोलणी, सत्तावीसला करारावर सह्या. दाजींनी कधी नव्हे ती आतली गोष्ट सांगितली होती, आणि तीही अशी की नियम मोडू नये. हणमंतचा ऊर भरून आला. त्यानं वर एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या सज्जन माणसाला खोटं बोलावं लागलं असतं.

खरं सांगायचं तर त्याला हेच ऐकायचं होतं. बाहेरच्या फॅब्रिकेटरच्या हाती आपले खिसे जाणार या विचारानं त्याला दुपारी जेवण गेलं नव्हतं. राखीची सुट्टी रद्द झाल्याचं बायांना कोणत्या तोंडानं सांगायचं हाही घोर होताच. देवानं दाजींच्या तोंडून सुटका केली असं त्याला वाटलं, आणि सुटकेची बातमी माणूस कधी तपासून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “पक्का?” हणमंत म्हणाला, “पक्का।” एवढंच. त्या एका शब्दावर बाहेरच्या फॅब्रिकेटरला नकार गेला, आणि त्यानं आपली मशिनं त्याच दिवशी दुसऱ्याच्या मालाला लावली. लाईन तीनला राखीची सुट्टी मिळाली. बदायूंकडच्या चौदा जणी एकाच बसनं गावी निघाल्या. फूलमतीनं भावासाठी कारखान्याच्या चिंध्यांतून राखी केली होती, तीही चौकडी जुळवून. ती विचारायला आली की परत कधी यायचं. हणमंत उदार झाला होता. जन्माष्टमी करून ये, आरामात ये, काम कुठे पळून जात नाही, असं त्यानं तिला सांगितलं.

सतरा तारखेला रविवार होता. हणमंत सेक्टरच्या बाजारात दूध आणायला गेला होता, आणि दूध घेऊन वळतो तोच रांगेत कोणीतरी फोनवर बातमी वाचून दाखवली की अमेरिकेचं पथक येत नाही, दौरा पुढे ढकललाय. पुढे म्हणजे कधी, ते कोणी सांगितलेलं नव्हतं. हणमंतनं पिशवी खाली ठेवली आणि तिथंच फुटपाथवर बसला. बायको शोधत आली तोवर पिशवीतलं दूध उन्हानं तापून नासलं होतं. त्याला स्वतःची भीती वाटत होतीच, पण त्याही वेळी एक विचार दाजींचा आला. केवढ्या विश्वासानं त्यांनी सांगितलं, आणि वरच्यांनी त्यांनाही तोंडघशी पाडलं. त्यांना किती लागलं असेल! म्हणून त्यानं त्यांना फोनही केला नाही.

मग तीन दिवस जे झालं त्याला काम म्हणणं कठीण आहे. बाहेर कोणी माल शिवून द्यायला तयार नव्हतं, सगळ्यांची मशिनं भरलेली. हणमंतनं फूलमतीला फोन लावला की सगळ्या जणी असाल तशा निघा. ती म्हणाली, गंगेला पूर आलाय, रस्ता पाण्याखाली आहे, बस बंद आहेत. तिचा आवाज रडवेला झाला, कारण मास्टरजींनी बोलावलं आणि आपण आलो नाही असं कधी झालं नव्हतं. उरलेल्या बावीस जणी मशिनवर बसल्या. हणमंत स्वतः तेविसावा बसला. सोमवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की रेघा जुळवत बसलो तर निम्माही माल व्हायचा नाही. तो उठला, कापायच्या टेबलापाशी गेला आणि आयुष्यात कधी न दिलेला हुकूम त्यानं दिला. खिसे तिरके कापा.

सगळी लाईन क्षणभर थांबली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मशिनं पुन्हा सुरू झाली, आणि हणमंत मान वर न करता शिवत राहिला. एकेक तिरका खिसा हाताखालून जात होता आणि आपणच आपल्या तोंडात मारून घेतोय असं त्याला वाटत होतं. पण वाटण्यानं काय होतं? गाडी गाठायची होती.

बुधवारी खरेदीदाराची तपासनीस आली. पंचविशीतली पोरगी, कामाला चोख. तिनं एक खोका उघडला, एक झगा काढला, आणि पिशवीतून सीलचं सॅम्पल काढून शेजारी ठेवलं. दोन्हींच्या खिशांवरून तिनं बोट फिरवलं. तिला ओरडता आलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “ये सँपल आपके हाथ का है न, मास्टरजी?” हणमंत हो म्हणाला. तिनं नापासचा कागद भरला. दारात उभा असलेला कंटेनर दुपारी रिकामाच परत गेला.

खरेदीदाराची मेल सोमवारी आली, काम रद्द. सव्वीस तारखेला ग्रोवरसाहेबांनी लाईन तीन बंद केल्याचं सांगितलं. इथं आहेत त्यांना मी सांगतो, म्हणाले, गावाकडच्यांना तुम्ही कळवा, उगाच भाडं खर्चून येतील. हणमंत साहेबांसमोर उभा होता. आता ते बोलतील, आता शिवी देतील, याची तो वाट बघत होता. शिवी मिळाली असती तर बरं झालं असतं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जीजाजी का क्या कसूर? उनको भी ऊपर से ग़लत बताया होगा।”

सत्तावीसला गणपती. म्हणजे ज्या दिवशी ते शुल्क लागू झालं, त्याच दिवशी. हणमंत सकाळी सोवळ्याची पिशवी घेऊन लक्ष्मीबाई नगरात पोचला. पथकच आलं नाही म्हटल्यावर दाजींना रजा मिळाली असेल, ते स्वतःच पूजेला बसले असतील आणि आपल्याला नुसतं नमस्कार करून निघता येईल, अशी त्याला आशा होती. दाजी घरीच होते. पण पाट रिकामा होता. दाजी नवा सदरा घालून बाजूला खुर्चीत बसले होते आणि खुर्चीला काठी टेकवून ठेवली होती.

हणमंतनं विचारलं की रजा मिळाली तर. दाजी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली, “रजा कसली रे? त्यांची रजा तर एक तारखेलाच मंजूर होती. गुडघा गेलाय दोन्हीकडचा, मांडी घालता येत नाही. तुला सांगू नको म्हणाले होते.”

दाजींनी मान खाली घातली. मग ते हळूहळू बोलले. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर पाटावरून उठता येईना, दोघांनी काखेत हात घालून उठवलं, शेजारची पोरं हसली. या घरातला शेवटचा गणपती खुर्चीत बसून बसवायचा, आणि सगळ्या कॉलनीनं ते बघायचं, याची लाज वाटली. म्हणून ऑफिसचं नाव पुढे केलं. “ऑफिसात मला कसलं काम असणार, हणमंत? मी आस्थापनेत. माझ्या टेबलावर खुर्च्या, पंखे आणि रजेचे अर्ज येतात. त्या शुल्काचं तर मी तुझ्यासारखंच पेपरात वाचलं.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते हणमंतला आज कळलं, कारण सतरा तारखेला दुधाच्या रांगेतही टेकायला काहीतरी होतं. चूक वरच्यांची आहे, सरकारची आहे, दोन देशांची आहे असं म्हणता येत होतं. आता काहीच उरलं नाही. एका भल्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यावर त्यानं छत्तीस बायांची भाकरी टांगली होती. दाजींनी विचारलं, चेहरा असा का, काही झालं का कारखान्यात? हणमंत काही नाही म्हणाला. हे त्यांना सांगितलं असतं तर तो माणूस निवृत्तीपर्यंतही जगला नसता.

तो सोवळं नेसून पाटावर बसला. गुरुजी समई लावत होते. इतक्यात त्याचा फोन वाजला, फूलमतीचा. कालपासून हणमंतनं तिला कळवलं नव्हतं. दहा वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. सोवळ्यात फोनला हात लावायचा नाही, पण तो उठला आणि व्हरांड्यात गेला, तोच व्हरांडा, जिथं तो चार वर्षं राहिला होता. ती आनंदात होती. पूर उतरला, बस सुरू झाल्या, चौदा जणी स्टँडवर उभ्या आहेत, तिकिटं काढायची का, तेवढं विचारायला फोन केला. गावात कोणी कोणी म्हणतं की नोएडात कारखाने बंद पडतायत. “आप ज़रा जीजाजी से पूछ के बता दीजिए।”

हणमंतनं आत पाहिलं. दाजी खुर्चीत बसून दूर्वांची जुडी सारखी करत होते. तो म्हणाला, “फूलमती, जीजाजी को कुछ नहीं मालूम। कभी नहीं मालूम था।”

ती हसली. मोकळं, ओळखीचं हसली. म्हणाली, “समझ गए, मास्टरजी। बड़े लोग खुल के थोड़े ही बताते हैं। हम टिकट कटवा लेते हैं।”

तीन आठवड्यांपूर्वी थालीपीठ खाताना हणमंत स्वतः असाच खूश झाला होता. पलीकडे ती कोणाला तरी ओरडून सांगत होती की काढा तिकिटं. त्यानं व्हरांड्याच्या जाळीला घट्ट धरलं आणि सोवळ्याओवळ्याची, घरातल्या माणसांची पर्वा न करता ओरडला की थांब, काढू नको. मग एकेक शब्द तोडून तो म्हणाला, “लाइन बंद हो गई है। ग़लती मेरी थी। मैंने बिना जाने पक्का बोल दिया था। मत आना।”

बसचा भोंगा ऐकू आला, आणि मग ती फोन दूर धरून इतरांना हळू आवाजात काहीतरी सांगतेय असं वाटलं. हणमंत वाट बघत होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं उभं राहून सगळ्या ऐकून घेतल्या असत्या. ती परत फोनवर आली तेव्हा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, “अच्छा, मास्टरजी।” आणि थोडं थांबून म्हणाली, “आज आपके यहाँ गणेशजी बैठे हैं न? हमारा भी हाथ जोड़ दीजिएगा।”

आत येऊन हणमंत पुन्हा पाटावर बसला. दाजींनी खुणेनंच विचारलं, कारखान्याचा होता का? त्यानं मान डोलावली. दाजी पुढे वाकून हळूच म्हणाले, “आमच्या खात्यातलं काही काम असलं तर सांगत जा रे, संकोच करू नकोस. मी चौकशी करीन.” हणमंतला त्यांच्याकडे बघवेना.

पूजा झाली. सगळे आरतीला उभे राहिले, दाजीसुद्धा काठी धरून उठले. हणमंतनं हात जोडले. आधी फूलमतीसाठी जोडले. मग तिच्या शेजारच्या मशिनवरचीसाठी, मग तिच्या पलीकडचीसाठी, लाईनमध्ये ज्या क्रमानं बसायच्या त्या क्रमानं तो एकेकीचं नाव घेत गेला. आरती संपली, अक्का प्रसादाचं ताट घेऊन समोर येऊन उभी राहिली, हात पुढे कर म्हणाली. हणमंतचे हात जोडलेलेच होते. तो अजून अकराव्या मशिनवर होता.